बिशपांच्या नकाशाबाहेरची परभणी

१८ मे १९७२ या एकाच तारखेला महाराष्ट्रात दोन कृषी विद्यापीठे स्थापन झाली, एक दापोलीला आणि दुसरे परभणीला. एरवी या दोन गावांत साम्य शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. एकीकडे जांभा दगड, नारळी-पोफळी आणि समुद्रावरचा वारा. दुसरीकडे काळी माती, कापूस, ज्वारी आणि उन्हाळ्यात अंगाची लाही करणारे ऊन. पण शाळांच्या इतिहासात डोकावले की ही जोडी उपयोगी पडते. विद्यापीठ दोघांना एकाच दिवशी मिळाले. इंग्रजी शिकवणारे हायस्कूल मात्र दापोलीला एकोणिसाव्या शतकातच मिळाले होते, आणि ते दिले होते अँग्लिकन मिशनने. परभणीच्या वाट्याला असे हायस्कूल कधी आलेच नाही.

दापोलीची ती शाळा आज ए. जी. हायस्कूल म्हणून ओळखली जाते. ए. जी. म्हणजे आल्फ्रेड गॅडने, 'एस. पी. जी.' या अँग्लिकन मिशनचे पाद्री आणि शाळेचे मुख्याध्यापक. कोकणातल्या किती पिढ्या या शाळेतून बाहेर पडल्या हे सांगायला दोन नावे पुरेत. भारतरत्न पां. वा. काणे इथे शिकले. पालगडच्या साने गुरुजींनीही काही वर्षे इथेच धडे गिरवले. धर्मशास्त्राचा पाच खंडी इतिहास लिहिणारा विद्वान आणि 'श्यामची आई' लिहिणारा लेखक, दोघेही इंग्लंडच्या राजाला प्रमुख मानणाऱ्या चर्चच्या शाळेत शिकलेले! मिशनऱ्यांच्या शाळेत गेला की पोरगा हातचा गेला, असे म्हणणाऱ्यांना कोकणाने दिलेले हे उत्तर आहे.

दापोलीलाच ही शाळा का मिळाली? जुनी माणसे आजही गावाला 'कॅम्प दापोली' म्हणतात, त्यात याचे अर्धे उत्तर आहे. तिथे कंपनी सरकारची लष्करी छावणी होती. छावणी म्हटली की गोरे अधिकारी आले, त्यांच्यासाठी चर्च आले, चर्चला पाद्री आला. पुढे छावणी उठली तरी बंगले, रस्ते, चर्च आणि चांगली हवा मागे राहिली. मिशनला बस्तान बसवायला आणखी काय हवे?

महाराष्ट्रात 'मिशनरी शाळा' हा एकच मोठा गठ्ठा समजला जातो. प्रत्यक्षात त्यात रोमन कॅथलिक वेगळे, स्कॉटिश मिशन वेगळे, अहमदनगरचे अमेरिकन मराठी मिशन वेगळे आणि अँग्लिकन वेगळे. ज्या शाळेत जोतिराव फुले शिकले ती पुण्याची स्कॉटिश मिशनची. सावित्रीबाईंना अध्यापनाचे धडे मिळाले ते अमेरिकन मिशनच्या बाईंकडून. अँग्लिकन चर्च हे राज्यकर्त्यांचे अधिकृत चर्च. त्यामुळे त्याच्या शाळांचा पसारा राज्यकर्त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत गेला. तो पाहिला की इंग्रज या मुलखात कुठे राहत होते, कुठे थंड हवेला जात होते आणि कुठे फिरकतही नव्हते, हे आपोआप कळते.

सुरुवात अर्थातच मुंबईच्या कोटात झाली. सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये उघडले आणि त्याच सुमारास पाद्री रिचर्ड कॉब यांनी गरीब गोऱ्या मुलांसाठी धर्मादाय शाळा काढली. १८१५ मध्ये आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांनी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिची शाळा भायखळ्याला गेली आणि १९२५ मध्ये नाशिकजवळ देवळालीला. तेच आजचे बार्न्स स्कूल. देवळालीच का, तर तिथे छावणी होती, रेल्वे होती आणि हवा कोरडी होती. पुण्यात बिशप्स स्कूल १८६४ चे आणि सेंट मेरीज १८६६ चे, दोन्ही कॅम्पात. शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा तिथून हाकेच्या अंतरावर, पण त्या शाळांच्या जगापासून कोसभर दूर. पाचगणीचे सेंट पीटर्स १९०४ चे. पुढे १९५० च्या दशकात झांझिबारहून आलेला फारूख बलसारा नावाचा पारशी मुलगा तिथे पियानो वाजवायला शिकला आणि फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला.

नागपूरला बिशप कॉटन स्कूल आले ते १८६० च्या दशकात. ज्यांचे नाव या शाळेला आहे ते जॉर्ज कॉटन मूळचे शिक्षक. इंग्लंडमध्ये रग्बीला त्यांनी शिकवले, मार्लबरोला मुख्याध्यापकी केली आणि मग कलकत्त्याचे बिशप होऊन आले. १८५७ चा धसका इंग्रजांच्या मनात ताजा होता. हिंदुस्थानात जन्मलेली गोरी आणि अँग्लो-इंडियन पोरे शिक्षणावाचून भरकटली तर राज्याची अब्रू जाईल, ही त्या वेळची सरकारी काळजी. त्यातून सिमला, बंगळूर, नागपूर अशी साखळी उभी राहिली. तिच्यात भारतीय मुलांना मोजक्याच जागा असत.

हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारच्या अँग्लिकन शाळा 'नेटिव्हां'साठी होत्या. त्या दिसायला साध्या, पैशाने तोकड्या, पण मराठी समाजाच्या दृष्टीने जास्त मोलाच्या. मुंबईचे रॉबर्ट मनी स्कूल त्यांतले एक. मुरूडचे धोंडो केशव कर्वे मॅट्रिक झाले ते या शाळेतून. पुण्यातले पंचहौद मिशन आणखी एक ठिकाण. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये तिथे झालेल्या चहापानाने टिळक-रानड्यांना प्रायश्चित्ताच्या फेऱ्यात अडकवले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एका कप चहावरून सनातनी पुणे इतके तापले, मग त्याच आवारात पोरांना शिकायला पाठवणे ही केवढी मोठी गोष्ट असेल!

नाशिकच्या शरणपूरची कथा तर कादंबरीत शोभावी अशी. 'सी. एम. एस.' म्हणजे चर्च मिशनरी सोसायटी. या अँग्लिकन मिशनने १८५० च्या दशकात नाशिकबाहेर शरणपूर वसवले. अरबी समुद्रात गुलामांची गलबते इंग्रजी आरमार पकडी आणि सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली बरीच शरणपूरला आणली गेली. अक्षरे, सुतारकी, लोहारकी असे शिक्षण त्यांना गोदाकाठी मिळाले. जेकब वेनराइट त्यांतलाच एक. मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या पोटात वारला तेव्हा त्याचे कलेवर किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या जथ्यात जेकब होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनची शवपेटी ज्यांनी वाहिली त्यांतला एकमेव आफ्रिकी माणूस हा नाशिकच्या शाळेचा विद्यार्थी होता. आज शरणपूर रोडवरच्या दुकानांत खरेदी करणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

आता मराठवाड्याकडे वळावे. नाशिकहून गोदावरी खाली वाहत येते ती पैठण ओलांडून परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असा वळसा घेते. नदी आली, मिशनची शाळा आली नाही. एक कारण सगळ्यांना माहीत आहे: निजाम. हा मुलूख इंग्रजांच्या थेट अमलाखाली नव्हता. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि तिथे कलेक्टर, कचेऱ्या, इंग्रजी शाळा आणि मिशने यांची रांग लागली. त्याच वऱ्हाडाला खेटून असलेले जिंतूर-सेनगाव मात्र हैदराबादच्या फर्मानावर राहिले. सरकारी कामकाज फारसी-उर्दूत चाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे, आणि माध्यमिक शिक्षणाची दिशाही तीच ठरली. परभणीच्या शेतकऱ्याच्या मराठी बोलणाऱ्या पोराला शिकायचे तर आधी परकी लिपी गिरवावी लागे.

पण सगळे खापर निजामावर फोडून मोकळे होता येत नाही. औरंगाबादेत सी. एम. एस.चे काम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले होते. रतनजी नौरोजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले पाद्री तिथे वर्षानुवर्षे राबले. आसपासच्या खेड्यांत त्यांच्या छोट्या शाळा होत्या. जालन्याला स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री होते. त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले आणि त्यासाठी जमीन मिळाली ती निजामाच्या दिवाणाकडून, सालारजंगांकडून. म्हणजे दरवाजा बंद होता असे नाही, किलकिला होता. औरंगाबाद आणि जालना ही दोन्ही छावणीची गावे, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे.

मग जुन्या परभणी जिल्ह्यात छावणी नव्हती का? होती. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झालेले हिंगोली हे हैदराबाद कंटिंजंटचे मोठे ठाणे होते. पण ही फौज निजामाच्या पैशावर पोसलेली, शिपाई देशी आणि त्यांच्यावर मूठभर गोरे अधिकारी. गोऱ्या कुटुंबांची वस्ती, त्यांची पोरे, त्यांच्यासाठी बारमाही पाद्री असा पुण्या-देवळालीसारखा गोतावळा तिथे जमला नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडली, हिंगोलीची छावणी उठली आणि मागे दापोलीसारखे हायस्कूल काही उरले नाही. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग आला. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्टेशने झाली, कापसाच्या गाठी लादल्या जाऊ लागल्या, पूर्णेला जंक्शन आणि लोको शेड झाले. पुढे परळीकडे फाटा गेला. रेल्वेने व्यापारी आणले, जिनिंग आणले. बिशप मात्र सिकंदराबादेहून मुंबईला जाताना याच रेल्वेच्या डब्यातून बसल्याजागी पुढे गेले असतील.

याच निजामी राज्यात, तेलुगू भागात, दोर्णकल नावाचे एक लहानसे रेल्वे स्टेशन आहे. १९१२ मध्ये व्ही. एस. अझरय्या तिथले बिशप झाले. जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये बिशपपदावर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या कारकिर्दीत दोर्णकलच्या परिसरात माला आणि मादिगा या दलित जातींतले लोक मोठ्या संख्येने चर्चमध्ये आले, आणि त्यांच्यामागोमाग गावोगाव शाळा, वसतिगृहे, शिक्षकांचे प्रशिक्षण आले. राजा तोच, कायदा तोच, रेल्वेही तीच. तिथे शाळा झाल्या आणि परभणीत झाल्या नाहीत, याचा अर्थ निजामाची आडकाठी हे निम्मेच कारण. उरलेले निम्मे माणसांत आहे. मराठवाड्यातला महार समाज मोठ्या संख्येने चर्चकडे वळला नाही. त्याने वेगळा रस्ता धरला आणि तो रस्ता डॉ. आंबेडकरांचा होता. १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, नागसेनवनात वसतिगृहे झाली. परभणी, नांदेड, बीडकडच्या खेड्यांतली पोरे लोखंडी ट्रंक घेऊन तिथे दाखल झाली. दलित मराठवाड्याचे दोर्णकल म्हणजे हे नागसेनवन. त्यावर कुठल्याही बिशपाचे नाव नाही.

निजामी परभणीची जुळी बहीण पाहायची तर आफ्रिकेत नायजेरियाला जावे लागते. तिथले पहिले माध्यमिक विद्यालय १८५९ मध्ये सी. एम. एस.नेच लागोसला काढले. संस्थापकाचे नाव थॉमस बॅबिंग्टन मॅकॉले. आपल्याला ठाऊक असलेले मॅकॉले हे नव्हेत, त्यांचे नाव लावलेला हा आफ्रिकी पाद्री. दक्षिणेच्या किनारपट्टीत अशा शाळांचे जाळे विणले गेले. उत्तरेत मुसलमान अमीरांच्या मार्फत कारभार करायचा असे इंग्रजांचे धोरण होते, म्हणून लुगार्ड या इंग्रज प्रशासकाच्या सरकारने तिथे मिशनऱ्यांना पाय ठेवायला अटकाव केला. दक्षिण आणि उत्तर नायजेरियाच्या शिक्षणातली ती दरी आजही त्या देशाच्या राजकारणाला सतावते. संस्थानिकांच्या आडून राज्य करणे इंग्रजांना स्वस्त पडले. त्याची किंमत तिथल्या मुलांनी मोजली, उत्तर नायजेरियातल्या कानोमध्येही आणि जिंतूरमध्येही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. मिशनची शाळा आली की जिल्हा साक्षर झाला, इतके सरळ गणित नाही. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची साक्षरता ७३ टक्क्यांच्या आसपास आहे आणि रत्नागिरीची ८२. एवढ्यावर थांबले तर दापोलीची शाळा जिंकली असे वाटेल. पण जालना जिल्हा, जिथे मिशन दीडशे वर्षांपूर्वीपासून होते, तो परभणीच्याही खाली, ७१-७२ टक्क्यांवर आहे. दोन-चार चांगल्या शाळा शहराला पुरतात, तालुक्याला नाही. आणि रत्नागिरीला मुंबईच्या गिरणीतून येणारी मनिऑर्डर होती, बोट होती, शिकून बाहेर पडायची घरोघरची रीत होती. दापोलीची शाळा फळली कारण तिला घेणारा समाज तयार होता, आणि मिशन मागे सरल्यावर स्थानिक शिक्षण संस्थेने ती आपली मानून चालवली.

मराठवाड्यानेही हात जोडून वाट पाहिली नाही. औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवन सुरू झाले. १९२१ मध्ये धाराशिवकडच्या हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले. सेलूत नूतन विद्यालय उभे राहिले. खासगी शाळेला परवानगी घ्या, सभेला परवानगी घ्या, अशा फर्मानांच्या काळात लोकांनी वर्गणी काढून या शाळा चालवल्या. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामातले किती कार्यकर्ते या वर्गांतून निघाले हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. मिशन नव्हते म्हणून या शाळांना दुहेरी काम करावे लागले, शिकवायचे आणि लढायचेही.

आणि एक गोष्ट मराठवाड्याकडे आहे जी पश्चिम महाराष्ट्राकडे त्या प्रमाणात नाही: जिल्हा परिषद प्रशाला. तिकडे जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे बहुतेक करून प्राथमिक. पुढचे रयत शिक्षण संस्था आणि इतर संस्था पाहतात. इकडे हैदराबाद राज्याच्या सरकारी माध्यमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या आणि प्रशाला झाल्या. तालुक्याच्या, मोठ्या बाजाराच्या गावी दगडी भिंतींची, उंच छताची, समोर भले मोठे मैदान असलेली ही शाळा असते. गावातला डॉक्टर, तहसील कचेरीतला कारकून, आमदार, सगळे तिथलेच माजी विद्यार्थी. परभणीचा खरा वारसा कुणी विचारला तर हाच आहे. तो कुणा बिशपाने दिलेला नाही, आणि त्याची आज जी हेळसांड चालली आहे तीही दुसऱ्या कुणी केलेली नाही.

कारण शाळांचा नकाशा आता पुन्हा नव्याने काढला जातो आहे, आणि त्याची रीत जुनीच आहे.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या या शहरात जून महिन्यात वसमत रोडवरून किंवा जिंतूर रोडवरून एक फेरी मारावी. कुंपणाच्या भिंतीवर कुणा ना कुणा संताचे विलायती नाव, फाटकावर 'कॉन्व्हेंट', गणवेशात टाय, खिशावर ढालीचे चिन्ह, ढालीखाली लॅटिनसारखे दिसणारे काहीतरी. सकाळी सातला पिवळ्या व्हॅन आणि ऑटो पोरांना कोंबून निघतात. यांतल्या बहुतेकांचा कुठल्याही चर्चशी, मठाशी, बिशपाशी काडीचा संबंध नाही. चालक इथलेच, भांडवल इथलेच, शिक्षक इथलेच बी.एड. झालेले. अँग्लिकन शाळा परभणीत कधी आली नाही. तिचा पोशाख मात्र शंभर वर्षांनी आला, आणि लोक त्याची फी भरत आहेत. यात पालकांना हसण्यासारखे काही नाही. पुण्या-मुंबईच्या वरच्या वर्गाने ज्या शाळांच्या जिवावर शतकभर मजल मारली, तशी शाळा आपल्या पोराला मिळावी असे मानवतच्या आडत्याला वाटले तर त्यात चूक काय?

चूक आहे ती धोरणात. २००१ मध्ये सरकारने नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' हा शिक्का मारला. २००९ मध्ये 'कायम' शब्द काढला, मग वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे हप्ते सुरू झाले. या हप्त्यांची वाट पाहत कित्येक शिक्षकांची उमेदीची वर्षे गेली. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. ज्याच्याकडे जागा आणि पैसा असेल त्याने अर्ज करावा, शाळा काढावी, सगळा खर्च स्वतः करावा. साहजिकच शाळा तिथे निघाल्या जिथे फी भरणारे आहेत: परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर अशा शहरांत, तिथल्याही नव्या वसाहतींच्या रस्त्यांवर. पालमच्या आडबाजूच्या वस्तीत किंवा जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात कुणी अर्ज केला नाही. पूर्वी छावणी पाहून शाळा येत होती, आता एन. ए. प्लॉट पाहून येते.

गावातली शाळा सातवी-आठवीपर्यंत. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत, हे नियमात बसते. आठवीनंतर कायद्याचा हात सुटतो. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असे केंद्राने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात ठरवले, पण तो हक्क नव्हे, उद्दिष्ट. ऊसतोडीला आई-बाप गेले की मागे राहिलेल्या पोरांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालते, तेही प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. सोनपेठ, गंगाखेड, पालम या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्यांकडे निघतात. त्यांत नववीतली मुलगी बसलेली असते, धाकट्या भावंडाला सांभाळायला. पुढच्या वर्षी तिचे लग्न ठरलेले असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर यांतले काहीच लिहिलेले नसते.

या मुलीला शाळेत टिकवणाऱ्या ज्या दोन-तीन गोष्टी आहेत त्या अगदी साध्या आहेत. मानव विकास कार्यक्रमातली निळी एसटी. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयासारखे वसतिगृह. निळी बस शाळेच्या वेळेला आली तर पोरगी दहावी होते. ती उशिरा आली, लग्नसराईत दुसऱ्या मार्गावर वळवली, किंवा पावसाने पूल वाहून गेल्यावर फाट्यावरच थांबू लागली, की आठ दिवसांत वडील म्हणतात, राहू दे आता. परभणी जिल्ह्यात माध्यमिक शिक्षणाचा नकाशा एसटीच्या वेळापत्रकावर उभा आहे, हे शिक्षणाधिकाऱ्यांइतकेच आगारप्रमुखांनीही समजून घ्यायला हवे.

त्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचा विचार २०२३ पासून सरकारदरबारी घोळतो आहे. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे दिली जातात. मोठी शाळा, प्रयोगशाळा, मैदान, प्रत्येक विषयाला शिक्षक: कल्पना वाईट नाही. पण आधी वाहन, मग समूह, हा क्रम उलटला तर जवळची शाळा बंद होईल आणि लांबची कधी मिळणारच नाही.

जुन्या अँग्लिकन शाळांनाही इथे एक प्रश्न विचारायला हरकत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरातच, उत्तर भारतातले अँग्लिकन आणि इतर काही प्रोटेस्टंट पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. कॅम्पातल्या, टेकडीवरच्या त्या नामवंत शाळांची परंपरा या चर्चशी जोडलेली आहे. अल्पसंख्याक संस्था म्हणून त्यांना राज्यघटनेच्या कलम ३० चे संरक्षण आहे, आणि २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के जागांचे बंधन अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. कायद्याने ते बरोबर असेल. पण औरंगाबाद-जालन्याच्या खेड्यांतले जी गरीब ख्रिस्ती कुटुंबे या अल्पसंख्याक हक्काचे मूळ धनी, त्यांची किती मुले देवळाली-पाचगणीच्या वसतिगृहांत पोहोचतात? गॅडनेसाहेबांनी कोकणातल्या पोरांना शिकवले तेव्हा बाप कोण, फी किती, हे पाहिले असते तर दापोलीच्या शाळेला आज त्यांचे नाव कुणी लावले नसते.

परभणीला मात्र बिशपांची वाट पाहायचे कारण नाही. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात कोणत्या गावाहून नववीच्या वर्गापर्यंत किती किलोमीटर, मधे नदी की नाला, बस कितीला आणि परतीची कितीला, प्रशालेत इंग्रजी-गणिताचे शिक्षक आहेत की नाहीत, हे जिल्हा परिषदेने एका पानावर मांडून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. माहिती सरकारकडे आहे, यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचाच्या रकान्यांत पडून आहे. ज्या गावांहून पाच किलोमीटरच्या आत नववी नाही तिथे अनुदानित वर्ग द्यावेत किंवा निळी बस द्यावी, आणि ऊसतोडीच्या गावांत हंगामी वसतिगृह दहावीपर्यंत न्यावे. यातले एकही काम नव्या कायद्यासाठी अडलेले नाही. पुढच्या ग्रामसभेत वाचकांनी सरपंचाला एवढेच विचारावे: आपल्या गावातून आठवी पास झालेल्या किती मुली नववीला गेल्या, आणि ज्या गेल्या नाहीत त्यांची नावे काय?